पावसाच्या पाण्यातला फॉस्फरस काढणारी डोसिंग यंत्रणा: नियमन कोणत्या क्रमाने करायचं आणि गाडी कुठे घसरते

वाहत्या पावसाच्या पाण्यात ॲलम (ॲल्युमिनियम सल्फेट हे रसायन) सोडायचं, त्याचा फ्लॉक, म्हणजे फुसफुशीत कणांचे पुंजके, होऊ द्यायचा, फॉस्फरस त्याला चिकटून खाली बसला की वरचं पाणी पुढे जाऊ द्यायचं. यंत्रणा एवढीच. तरी तीच चूक पुन्हा पुन्हा होताना दिसते. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येतो, फॉस्फरस जास्त दिसतो, आणि कुणीतरी जाऊन डोस वाढवतं. तो नमुना ज्या पावसातला होता, ते पाणी तलावात जाऊन आठवडा झालेला असतो. पुढचा पाऊस वेगळा असतो, त्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, कमी असते, वाढवलेल्या डोसने पीएच कोसळतो आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात.

फॉस्फरस ऑनलाइन मोजणारी उपकरणं आहेत, पण नाल्याच्या गढूळ पाण्यात त्यांच्या भरवशावर पंप चालवावा असं मला वाटत नाही. पाऊस चालू असताना तुमच्या हातात दोनच आकडे खरे असतात: प्रवाह आणि पीएच. म्हणून डोस प्रवाहावर बांधायचा, पीएचने त्याला लगाम घालायचा आणि फॉस्फरसचा रिपोर्ट हंगामाचा ताळा म्हणून वापरायचा. खालचे सगळे टप्पे या क्रमाने आहेत. यंत्रणा चालवणाऱ्याला आणि तिच्या परवान्याच्या अटी लिहिणाऱ्याला, दोघांनाही हाच क्रम लागतो.

## टप्पा १: आधी पाणी ओळखा

एकाच पावसात पाणी बदलत जातं. पहिल्या लोंढ्यात रस्त्यावरची धूळ, पानांचा चुरा, सिमेंटचे क्षार येतात. गढूळपणा जास्त, पण क्षारताही बऱ्यापैकी. तासाभराने पाणी स्वच्छ दिसू लागतं आणि क्षारता उतरते, कारण आता जवळजवळ निव्वळ पावसाचंच पाणी येत असतं. ॲलमच्या दृष्टीने धोकादायक पाणी हे दुसरं. नमुने मात्र बहुतेक जण पहिल्या लोंढ्याचे घेतात, कारण तो जास्त घाण दिसतो.

निदान चार-पाच वेगवेगळ्या पावसांत, आणि प्रत्येक पावसात सुरुवातीला, मध्याला व शेवटाला नमुने घ्या. लहान पाऊस टाळू नका. प्रत्येक नमुन्यात हे मोजा: एकूण फॉस्फरस, विरघळलेला ऑर्थोफॉस्फेट (फॉस्फरसचं साधं रूप), एकूण विरघळलेला फॉस्फरस, पीएच, क्षारता, कठीणपणा, गढूळपणा आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन.

फॉस्फरस तीन प्रकारे का मोजायचा? ऑर्थोफॉस्फेट ॲलमला चटकन चिकटतो. मातीच्या कणांवर बसलेला फॉस्फरस फ्लॉकमध्ये अडकून खाली जातो. पण विरघळलेला सेंद्रिय फॉस्फरस, म्हणजे कुजलेल्या पानांतून झिरपलेला, ॲलमला सहज दाद देत नाही. तुमच्या पाण्यात त्याचा वाटा मोठा असेल तर डोस कितीही वाढवा, एका आकड्याखाली उतरता येत नाही. हे आधी कळलं तर परवान्यात अशक्य मर्यादा लिहिली जात नाही.

खबरदारी. बाटल्या साध्या डिटर्जंटने धुऊ नका. काही डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असतं. लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पातळीवर काम चालू असताना बाटलीच्या भिंतीला राहिलेला पातळ थर पुरतो. बाहेर जाणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्यापेक्षा जास्त फॉस्फरस निघाला, तर मी पहिल्यांदा बाटल्या कुणी आणि कशाने धुतल्या ते विचारतो. फॉस्फेट नसलेला साबण, मग सौम्य आम्लाने खळबळणं, मग शुद्ध पाणी.

दुसरी. ऑर्थोफॉस्फेटचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, थंड ठेवा, ४८ तासांच्या आत तपासा आणि त्यात आम्ल घालू नका. आम्ल घालायचं ते एकूण फॉस्फरसच्या बाटलीत. दोन बाटल्या, दोन वेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या. पावसात, टॉर्चच्या उजेडात, ओल्या हातांनी हे काम होतं. चिठ्ठीचा रंग वेगळा नसेल तर अदलाबदल होणारच.

## टप्पा २: रसायन ठरवा

यावर फार वेळ घालवू नका. बहुतेक ठिकाणी द्रव ॲलम, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, चालतं. (दुकानात तुरटीचा खडा म्हणून मिळतो तो पोटॅश ॲलम. तो वेगळा.) याला पर्याय हवा असतो तो दोन-तीन परिस्थितींत.

पाण्याची क्षारता फारच कमी असेल तर पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड बघा. ते क्षारता कमी खातं. किंवा ॲलमच्या जोडीला सोडियम ॲल्युमिनेट, जे पीएच वर ढकलतं. मात्र ही दोन रसायनं वेगवेगळ्या टाक्यांतून, वेगवेगळ्या नळ्यांतून पाण्यात गेली पाहिजेत. थेट एकमेकांत मिसळली तर प्रतिक्रिया जोरदार होते.

फेरिक क्लोराइड, म्हणजे लोखंडाचं रसायन, काही जण सुचवतात. फॉस्फरस ते चांगला पकडतं, पण तळाशी ऑक्सिजन संपला की फेरिकचं फेरस होतं आणि पकडलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. गाळ उथळ, हवा खेळत्या टाकीत बसणार असेल आणि वेळेवर उपसला जाणार असेल तरच लोखंडाचा विचार करा. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनच्या चढउताराचा हा त्रास नाही.

फ्लॉक जड व्हावा म्हणून पॉलिमर घालायचं झालं तर धनभारित पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटून त्यांना मारतं, हे लक्षात ठेवा. पाणी नैसर्गिक प्रवाहात जाणार असेल तर मी धनभारित पॉलिमरला परवानगीच देणार नाही.

## टप्पा ३: जार टेस्ट

जार टेस्ट म्हणजे एकाच पाण्याच्या जारमध्ये वेगवेगळे डोस घालून परिणाम पाहणं. इथे घाई केली की पुढचं सगळं अंदाजावर चालतं. त्यामुळे हा टप्पा सावकाश वाचा.

आधी एककाचा घोळ मिटवा. ‘लिटरला १० मिलिग्रॅम डोस’ हे वाक्य अपुरं आहे. १० मिलिग्रॅम काय? ॲल्युमिनियम, कोरडं ॲलम की टाकीतलं द्रव? १ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम म्हणजे सुमारे ११ मिलिग्रॅम कोरडं ॲलम, म्हणजेच जवळपास २३ मिलिग्रॅम द्रव ॲलम. पुरवठादार एका एककात बोलतो, प्रयोगशाळा दुसऱ्या, पंपाचा पॅनेल तिसऱ्या. अकरा पटीची चूक अशीच होते. सगळ्या कागदांवर ‘ॲल्युमिनियम म्हणून’ हे दोन शब्द लिहायची सक्ती करा.

नेहमीच्या द्रव ॲलममध्ये वजनाने सुमारे ४.४ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि घनता साधारण १.३३. म्हणजे एका लिटरमध्ये ५८.५ ग्रॅमच्या आसपास ॲल्युमिनियम. तुमच्या टँकरबरोबर आलेलं प्रमाणपत्र बघून हा आकडा दुरुस्त करा.

मग कृती अशी:

१. १७.१ मिलीलिटर द्रव ॲलम शुद्ध पाण्यात घालून एकूण एक लिटर करा. आता या द्रावणाच्या १ मिलीलिटरमध्ये १ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम आहे. एक लिटरच्या जारमध्ये जेवढे मिलीलिटर, तेवढे मिलिग्रॅम. हे द्रावण रोज ताजं करा. पातळ केलेलं ॲलम ठेवलं की विघटित होत जातं आणि चाचणी फसवते.

२. सहा जार भरा. डोस ०, २.५, ५, ७.५, १० आणि १५. शून्याचा जार सोडू नका. नुसत्या बसण्याने किती फॉस्फरस खाली जातो हे त्याच्याशिवाय कळत नाही.

३. एक मिनिट जोरात ढवळा, मिनिटाला १०० ते २०० फेऱ्यांवर. मग १५ ते २० मिनिटं हळू, २० ते ३० फेऱ्यांवर. मग थांबा.

४. पीएच तीनदा नोंदवा: जोरात ढवळून झाल्यावर लगेच, तासाभराने, आणि २४ तासांनी.

५. वरून, ढवळू न देता, पाणी काढा. एकूण फॉस्फरस, ऑर्थोफॉस्फेट, विरघळलेलं ॲल्युमिनियम आणि उरलेली क्षारता तपासा.

पीएच तीनदा का, याचं उत्तर जारसमोर बसलं की दिसतं. डोस पडताच पीएच झपकन खाली येतो, कारण क्षारतेतून कार्बन डायऑक्साइड तयार होऊन पाण्यात विरघळलेला राहतो. नंतर तो वायू उडून जातो तसा पीएच हळूहळू वर चढतो. दुसऱ्या दिवशीचा पीएच ६.९ पाहून कुणी निश्चिंत होतो, पण पहिल्या मिनिटात तो ५.७ होता, आणि बंद पाइपमधल्या पाण्याला वायू सोडायला जागाच नसते. यंत्रणेसाठी पहिला आकडा धरा.

डोस निवडताना सर्वांत कमी फॉस्फरस देणारा जार उचलू नका. डोस विरुद्ध उरलेला फॉस्फरस असा आलेख काढला की तो आधी धाडकन उतरतो, मग आडवा होतो. जिथे वळतो, त्याच्या जरा पुढचा डोस घ्या. फॉस्फरसच्या रेणूंच्या हिशोबाने पाहिलं तर हा डोस कितीतरी पटींनी जास्त वाटेल. तो तसाच असतो. एवढ्या कमी फॉस्फरसच्या पाण्यात बसण्याजोगा फ्लॉक तयार होण्यासाठीच बराचसा ॲलम खर्च होतो. पावसाच्या पाण्यात बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम ॲल्युमिनियमच्या दरम्यान उत्तर सापडतं.

तपासणी. निवडलेल्या डोसला पहिल्या मिनिटाचा पीएच ६.० च्या वर आहे का? सर्वांत कमी क्षारतेच्या नमुन्यावरही? नसेल तर पुढे जाऊ नका. टप्पा २ वर परत या.

## टप्पा ४: क्षारतेचा हिशोब, मग पंपाचा

१ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम सुमारे ५.५ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेट म्हणून) खातं. डोस ७ असेल तर ३९ च्या आसपास क्षारता गेली. पावसाच्या सुरुवातीच्या पाण्यात क्षारता ८० असेल, ४१ उरली, छान. त्याच पावसाच्या शेवटी क्षारता ४५ वर आली, तर उरल्या ६. एवढ्याशा क्षारतेवर पीएच टिकत नाही. उरलेली क्षारता २० च्या खाली जाऊ देऊ नये, असं मी धरतो. म्हणजे पावसाच्या उत्तरार्धासाठी वेगळा, कमी डोस आधीच ठरवून ठेवायला हवा.

ॲल्युमिनियमची भीती नक्की कशाची, तेही एकदा स्पष्ट करू. पीएच ६ ते ७ च्या पट्ट्यात जवळजवळ सगळं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन घन रूपात जातं. पीएच ६ च्या खाली घसरला की ते विरघळलेलं राहू लागतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. वरच्या बाजूला, पीएच ८.५ च्या पुढे, तेच ॲल्युमिनेट होऊन परत विरघळतं आणि धरलेला फॉस्फरसही सोडू लागतं. शेवाळ माजलेल्या तलावात दुपारी पीएच ९ च्या वर जातो, तेव्हा तळाच्या फ्लॉकला हाच धोका असतो.

आता पंप. सूत्र सोपं आहे: प्रवाह (लिटर प्रति सेकंद) गुणिले डोस (मिलिग्रॅम प्रति लिटर), भागिले ५८,५००. उत्तर सेकंदाला किती लिटर द्रव ॲलम ते. प्रवाह १०० लिटर आणि डोस ७ असेल तर सेकंदाला १२ मिलीलिटर, तासाला ४३ लिटर.

पण नाल्यात प्रवाह १०० वर थांबून राहत नाही. रिमझिमीत ५, धो-धो पावसात ८०० लिटर प्रति सेकंद. म्हणजे पंपाने मिनिटाला ३६ मिलीलिटरपासून ५.७ लिटरपर्यंत द्यायला हवं, १६० पट फरक. एकच मोठा पंप घेतला की तो लहान पावसात नीट देत नाही. एक तर थांबतो, नाहीतर किमान गतीवर गरजेपेक्षा जास्त ओततो. लहान पाऊस संख्येने जास्त असतात, त्यामुळे ही चूक रोजची होते. एक लहान आणि एक मोठा असे दोन पंप लावा.

टाकीचा आकार एका पावसावरून ठरत नाही, पण अंदाज एका पावसावरून येतो. ४० हेक्टर क्षेत्र, २५ मिलिमीटर पाऊस, निम्मं पाणी वाहून आलं तर ५,००० घनमीटर. डोस ७ ने ३५ किलो ॲल्युमिनियम, म्हणजे सुमारे ६०० लिटर द्रव ॲलम. लागोपाठ किती मोठे पाऊस येऊ शकतात आणि टँकर यायला किती दिवस लागतात, त्यावर टाकी ठरवा.

## टप्पा ५: बसवणी आणि पंपाचं कॅलिब्रेशन

डोस खळखळत्या पाण्यात पडला पाहिजे. शांत पाण्यात सोडलेलं ॲलम तळाशी जाऊन पाइपच्या बुडातून आम्लाची रेघ बनून वाहत जातं. वर पीएच ७, खाली ४, आणि सेन्सर वर लावलेला. पाणी पडतं किंवा वळतं अशी जागा शोधा. पीएचचा सेन्सर पूर्ण मिसळून झाल्यानंतरच्या ठिकाणी लावा.

ॲलम ‘नीट पसरावं’ म्हणून ते आधी भरपूर पाण्यात पातळ करण्याचा मोह होतो. त्या पाण्यातल्या क्षारतेनेच हायड्रॉक्साइड तयार होतं आणि नळी आतून पांढऱ्या खड्यांनी बुजते. नळीच्या टोकापर्यंत ॲलम घट्टच जाऊ द्या.

द्रव ॲलमचा पीएच २ च्या आसपास असतो. साधं लोखंड खातं. टाकी एचडीपीई किंवा फायबरग्लासची, आणि तिच्याभोवती तिच्यापेक्षा जास्त पाणी मावेल असा बंधारा. ब्लीचचे कॅन त्याच खोलीत ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. टाकीवर आणि भरण्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि तोंडाचा जोड वेगळ्या मापाचा ठेवा, म्हणजे चुकीचा टँकर जोडलाच जाणार नाही.

कॅलिब्रेशन पॅनेलवरच्या आकड्याने होत नाही. पंपाच्या शोषण बाजूला मापाची काचनळी लावा, ती ॲलमने भरा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू करा आणि स्टॉपवॉचवर पातळी किती उतरते ते पाहा. किमान, मधली आणि कमाल अशा तीन गतींवर. हे पाण्यावर करू नका. ॲलम जड आणि चिकट आहे, पाण्यावर बरोबर निघालेला पंप ॲलमवर कमी देतो.

तपासणी. कोरड्या दिवशी, पंप बंद असताना, नळीच्या टोकाखाली तासभर भांडं ठेवा. थेंब पडला तर बॅकप्रेशर व्हॉल्व्ह (पंप थांबल्यावर नळी बंद ठेवणारी झडप) गळतोय. टाकी डोस देण्याच्या जागेपेक्षा उंच असेल तर सायफन होऊन रात्रीत टाकी रिकामी होऊ शकते.

## टप्पा ६: नियंत्रणाची अक्कल

कंट्रोलरमध्ये काय लिहायचं ते आधी साध्या वाक्यांत लिहून काढा. प्रोग्रामरला कागद द्या, तोंडी सांगू नका.

मूळ नियम एकच: डोस प्रवाहाच्या प्रमाणात. प्रवाह ठरावीक किमानाच्या वर सलग काही मिनिटं राहिला तर पंप सुरू, खाली गेला तर बंद. सुरू आणि बंद होण्याचे आकडे वेगळे ठेवा, नाहीतर प्रवाह त्या सीमेवर हेलकावत राहिला की पंप सतत चालू-बंद होतो.

प्रवाह मोजण्यात एक खोच आहे. बांधावरची पातळी पाहून प्रवाह काढणारा सेन्सर पुढचं पाणी तुंबलं की खोटं बोलतो. पातळी वाढलेली असते, पाणी मात्र थांबलेलं असतं. कंट्रोलरला वाटतं पूर आलाय, तो पूर्ण गतीने ॲलम ओततो, आणि सगळं ॲलम एकाच साचलेल्या पाण्यात पडतं. पाणी तुंबण्याची शक्यता असेल तिथे वेगही मोजणारा मीटर लावा. मात्र त्याला पुरेशी खोली लागते. पाइपच्या बुडातून बोटभर पाणी वाहत असेल तर त्याचा आकडा धरू नका.

पीएचने डोस सतत खालीवर करत राहायचं का? माझं मत, नाही. मिसळायला वेळ लागतो, सेन्सरला आणखी लागतो, आणि पावसाच्या पाण्यात क्षार कमी असल्याने इलेक्ट्रोड आळसावतो. उशिरा कळलेल्या आकड्यावर डोस बदलत बसलं की यंत्रणा झोके घेते. पीएचला पायऱ्या द्या:

- ६.५ च्या वर: ठरलेला डोस.
- ६.५ ते ६.२: डोस निम्मा, नोंद.
- ६.२ ते ६.०: डोस निम्माच, माणसाला संदेश.
- ६.० च्या खाली सलग काही मिनिटं: पंप बंद, आणि माणूस येऊन पाहीपर्यंत आपोआप सुरू होणार नाही.

यापुढचे इंटरलॉक, म्हणजे पंप आपोआप रोखणारे नियम, वेगळे: पीएचचा सिग्नल गेला तर पंप बंद, प्रवाह शून्य असताना पंप फिरत असेल तर बंद, २४ तासांत ठरलेल्या कमाल लिटरपेक्षा जास्त गेलं तर बंद, वीज जाऊन आली तर आपोआप सुरू नाही. शेवटच्या मुद्द्यावर चालक तक्रार करतात, कारण पावसातच वीज जाते. तरी मी सोडणार नाही. प्रक्रिया न झालेलं एका पावसाचं पाणी परवडतं, आम्लाचा लोट परवडत नाही.

खबरदारी. पीएचचा इलेक्ट्रोड दोन पावसांच्या मधे कोरडा पडतो. कोरडा पडलेला इलेक्ट्रोड बहुतेकदा मरत नाही, तो हळू होतो आणि तुम्हाला ७ च्या आसपासचा आकडा बेधडक दाखवत राहतो. त्याला पाणी साठून राहील अशा कपात बसवा, लांबच्या कोरड्या काळात काढून पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा, आणि हंगामात दर आठवड्याला ४ व ७ च्या बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, तपासा. बफरमध्ये आकडा स्थिर व्हायला किती सेकंद लागले तेही लिहा. तो वेळ वाढत गेला की इलेक्ट्रोडवर फ्लॉकचा थर बसलाय.

## टप्पा ७: परवान्याच्या अटी लिहिताना

अटी लिहिणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे सांडपाणी केंद्राचा नमुना उचलून त्यातली नावं बदलणं. सांडपाणी रोज येतं. पाऊस लहरीने येतो. ‘दर सोमवारी नमुना’ ही अट इथे निरर्थक आहे. नमुना पावसाला बांधा.

फॉस्फरस किती टक्के काढला एवढीच अट ठेवू नका. आत येणारा लिटरला ०.३० मिलिग्रॅम आणि बाहेर जाणारा ०.०५ असेल तर ८३ टक्के. पण सलग तिसऱ्या दिवशीच्या पावसात आत येणाराच ०.०६ असेल, तर तिथे ८३ टक्के मागणं म्हणजे चालकाला जास्त ॲलम ओतायला भाग पाडणं. हंगामाचा एकूण भार आणि बाहेरची सांद्रता, अशी जोडी धरा.

भार मोजताना प्रक्रियेला बगल देऊन वळवलेलं पाणीही धरलंय ना, ते पाहा. ८० टक्के पाण्यावर प्रक्रिया झाली, त्यातला ८५ टक्के फॉस्फरस निघाला, आणि दोन्हीकडच्या पाण्यातली सांद्रता सारखी असेल, तर खरी घट ६८ टक्के. अहवालात मात्र ८५ छापलं जातं.

ॲल्युमिनियमसाठी एकच आकडा सगळीकडे लावू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये ठरावीक आकडे दिले होते. २०१८ मध्ये ते बदलून पीएच, कठीणपणा आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन यांवर अवलंबून असलेली मर्यादा आणली. टप्पा १ मध्ये या तिन्ही गोष्टी मोजायला सांगितल्या त्या यासाठीच. शिवाय मर्यादा एकूण ॲल्युमिनियमची की विरघळलेल्या, ते स्पष्ट लिहा. एकूण मोजताना नमुन्यातला निरुपद्रवी फ्लॉकसुद्धा आम्लात विरघळून आकड्यात येतो. आणि विरघळलेलं मोजायचं तर जागेवरच, लगेच गाळून.

पीएचची किमान मर्यादा सलग नोंदीची हवी, रोजच्या सरासरीची नको. सरासरी ६.८ मधे दहा मिनिटांचा ५.३ सहज लपतो. बंद पडण्याचे सगळे आकडे परवान्यातच घाला आणि ते बदलायचे तर लेखी परवानगी लागेल असं लिहा. नाहीतर टप्पा ६ मधली मेहनत एका पासवर्डवर उभी राहते.

सल्फेट विसरलं जातं. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे ॲलम ५.३ मिलिग्रॅम सल्फेट पाण्यात घालतं. पुढे दलदल किंवा ऑक्सिजन नसलेला तळ असेल तर तिथे हायड्रोजन सल्फाइड, आणि पारा असल्यास मिथाइल पारा, यांचा प्रश्न उभा राहतो. अशा जागी सल्फेटवर नजर ठेवण्याची अट घाला.

## टप्पा ८: पहिले तीन पाऊस

पहिल्या पावसात ठरलेल्या डोसच्या निम्म्यावर सुरू करा आणि माणूस तिथे उभा ठेवा. रात्र असली तरी. डोस पडल्यावर काही मिनिटांच्या अंतरावर पाणी पारदर्शक भांड्यात घेऊन पाहा. कण एकमेकांना चिकटून टाचणीच्या डोक्याएवढे होताना दिसले पाहिजेत आणि मधलं पाणी स्वच्छ. दुधासारखं धूसर राहिलं तर डोस कमी आहे किंवा मिसळण बिघडलीय.

बाहेरचा नमुना कधी घ्यायचा, इथे जवळजवळ सगळे फसतात. पाऊस सुरू होताच, फ्लॉक बसतो त्या तळ्यातून बाहेर पडतं ते गेल्या पावसाचं जुनं पाणी. आत नवं आणि बाहेर जुनं असे दोन नमुने जोडून टक्केवारी काढली तर ती कशाचीच नसते. बाहेरच्या सॅम्पलरला (आपोआप नमुना घेणाऱ्या यंत्राला) तळ्यात पाणी थांबण्याच्या वेळेइतका उशीर द्या, आणि दोन्ही सॅम्पलर प्रवाहाच्या प्रमाणात नमुना घेणारे ठेवा.

तपासणी. पाऊस संपल्यावर टाकीची पातळी किती उतरली ते फूटपट्टीने मोजा. मीटरवरचा एकूण प्रवाह गुणिले डोस, त्यावरून किती लिटर जायला हवं होतं ते काढा. दोन्हींत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुढच्या पावसाआधी कारण शोधा. प्रयोगशाळेच्या रिपोर्टपेक्षा हा ताळा लवकर सांगतो, आणि फुकट आहे.

तीन पाऊस पीएचला धक्का न लागता गेले की पूर्ण डोसवर जा.

## टप्पा ९: गाळ

फ्लॉक कुठे बसणार हे ठरल्याशिवाय यंत्रणा सुरूच करू नये. तो फुसफुशीत, जवळजवळ सगळा पाणीच असतो. बसायला साधारण ६ ते २४ तास लागतात, आणि पुढचा लोंढा त्याला सहज उचलून नेतो. वेगळं बसण-तळं असेल तर उत्तम. थेट नैसर्गिक तलावात बसू देणं मला पटत नाही. तळाच्या किड्यांवर थर चढतो आणि परवान्यात मोजायला जागा उरत नाही.

गाळाची खोली तळ्यात ठरलेल्या पाच-सहा ठिकाणी, पारदर्शक नळी तळापर्यंत घालून, महिन्याला मोजा. तळ्याच्या खोलीचा चौथा भाग गाळाने भरला की उपसा. ओला गाळ काठावर टाकून पाणी परत तळ्यात सोडताना त्या पाण्याचाही पीएच बघा. सुकलेला गाळ हलवण्याआधी त्यातले धातू तपासून घ्या: रस्त्यावरचं जस्त, तांबं आणि शिसं फॉस्फरसबरोबरच इथे येऊन बसलेलं असतं.

## टप्पा १०: रिपोर्ट वाईट आला तर

डोसला हात लावण्याआधी या क्रमाने पाहा.

१. बाटल्या, आम्ल, गाळणं, तपासायला लागलेले तास. कोऱ्या बाटलीचा, म्हणजे शुद्ध पाणी भरून पाठवलेल्या बाटलीचा आकडा काय आला?

२. दोन सॅम्पलरच्या वेळा जुळतात का?

३. त्या पावसात टाकीतून खरंच तेवढं ॲलम गेलं का? पंप मधेच बंद पडला होता का?

४. त्या पावसाची पीएचची सलग नोंद. ६ च्या खाली किंवा ८ च्या वर गेला होता का?

५. एकूण फॉस्फरस जास्त पण ऑर्थोफॉस्फेट कमी आहे का? मग डोस बरोबर आहे. फ्लॉक बसत नाहीये, वाहून जातोय. तळ्यात पाणी आखूड वाटेने तर निघत नाही ना, ते पाहा.

६. ऑर्थोफॉस्फेट कमी, एकूण विरघळलेला फॉस्फरस जास्त? मग तो सेंद्रिय फॉस्फरस आहे. ॲलमच्या टाकीपाशी याचं उत्तर नाही, वरच्या भागात पानं झाडण्यात आहे.

७. ऑर्थोफॉस्फेटच जास्त आणि वरचं सगळं ठीक? आता नवा नमुना घेऊन जार टेस्ट परत करा. डोस बदलायचा तर तिच्यावरून, एका वेळी १ मिलिग्रॅमने, आणि वहीत तारीख, कारण व सही टाकून.